गडूखालचं नाव

प्रिय शैले,

पणजीचा माग काढायला आपण देवरुखला गेलो, तिथून परतल्यापासून तुझ्याशी धड बोलले नाही. दोन वर्षं झाली, चूक माझी. गुडघे तसेच आहेत, साखर आटोक्यात. ते राहू दे.

तू तेव्हा एसटी स्टँडवर ओरडली होतीस, "बायकांचा माग दप्तरात नाही गं लागत, भांडी बघ!" मी इतकी चिडले की तुझ्या वाटणीची भजीसुद्धा संपवली. परवा गौरींसाठी आईचा पितळी गडू चिंचेनं घासत होते. बुडाचं काळं निघालं आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. पणजीचं माहेरचं नाव, पुढे भलतंच आडनाव, 'मामाकडून, शके १८०६'. म्हणजे १८८४. पणजोबांशी तिचं लग्न १८९४चं.

शैले, ती विधवा होती गं.

"पणजी शारदासदनात शिकली" हे घरात सगळे मिरवायचे, पण सदन मुळात बालविधवांसाठी होतं हे कुणी बोललं नाही. पंडिता रमाबाईंनी ते ११ मार्च १८८९ला मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. देवरुखची गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, तर कर्व्यांच्या गावच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. हे कानावर आलं असणारच, तरी वर्षभरात पणजीनं होकार दिला! १८५६च्या कायद्यानं पुनर्विवाहाला मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. मामाचा गडू तेवढा तिच्याबरोबर आला.

आता दादा कुळवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा फॉर्म भरतोय. रकाने दोनच, माहेरचं नाव आणि सासरचं. मधलं, पहिल्या सासरचं नाव घाल म्हटलं, तर म्हणाला, "एवढी वर्षं झाकलेलं आता कशाला?" मला झोप नाही. झाकलं कुणी, तिनं की आपल्या माणसांनी? तिलाच नको असतं तर गडू मोडीत घातला नसता का? की तो नवरा, जो गेला तेव्हा स्वतःच पोर असेल, त्याची एवढीच खूण तिला आपल्यापुरती ठेवायची होती? मग ती छापणारी मी कोण?

लेकीचं बाळंतपण नीट झालं ना? नाव काय ठेवलंत? तुझ्या गच्चीची गळती थांबली का?

फॉर्म पंधरा तारखेला द्यायचाय. त्याआधी ये. ती अक्षरं तू स्वतः बोटानं वाच, मग सांग. भजी माझ्याकडे लागू आहेत.

तुझीच,
सुमी