बिटांच्या पुस्तकांनाही ग्रंथालयात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी काय वाचावे, याविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहिले जाते. त्या याद्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची आणि नवनव्या प्रोग्रॅमिंग भाषांची पुस्तके असतात, आणि ती असायलाच हवीत. पण संगणक संख्या ज्या ० आणि १ या अंकांत साठवतो, त्या एकेका अंकाशी, म्हणजे बिटाशी, कसे वागावे हे शिकवणारे पुस्तक त्यांत मला कधी दिसले नाही. ही उणीव मोठी आहे, असे मी स्वानुभवाने सांगतो.

मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणक-चिपसाठी, प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी दाब मोजणाऱ्या एका उपकरणासाठी मी दोन नोंदींची सरासरी काढणारी अगदी साधी ओळ लिहिली : बेरीज करायची आणि दोनाने भागायचे. चाचण्यांत सगळे ठीक होते. पुढे एकदा ४०००० आणि ३०००० अशा नोंदी आल्या आणि सरासरी ३५००० ऐवजी २२३२ दिसू लागली. बेरीज सोळा बिटांत ठेवली जात होती आणि तेवढ्यात ६५५३५ पर्यंतचीच संख्या मावते, त्यामुळे ७०००० मधले ६५५३६ गळून पडले, ४४६४ उरले आणि त्याचे निम्मे झाले. ही चूक सापडायला मला दोन दिवस लागले.

हेन्री वॉरन यांच्या ‘हॅकर्स डिलाइट’ या पुस्तकात याचा उपाय आहे. दोन्ही संख्यांत जे बिट सामाईक आहेत ते तसेच घ्यायचे, जे वेगळे आहेत ते एक घर उजवीकडे सरकवायचे आणि मग दोहोंची बेरीज करायची. बिटांत लिहिले तर १३ म्हणजे ११०१ आणि ७ म्हणजे ०१११. सामाईक बिट ०१०१, म्हणजे ५. वेगळे बिट १०१०, म्हणजे १०, ते सरकवले की ५. बेरीज १०, आणि हीच खरी सरासरी. मर्यादेबाहेर जाणारी बेरीज मध्ये कुठे करावीच लागत नाही.

अशी चूक केवळ माझ्यासारख्याच्या हातून होते असेही नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमवार यादी निम्मी-निम्मी करत शोध घेणाऱ्या कोडमध्ये, मधला क्रमांक काढताना नेमकी हीच बेरीज मर्यादा ओलांडत होती, आणि वर्षानुवर्षे लक्षात न आलेली ही चूक तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच २००६ मध्ये जाहीरपणे मांडली.

आता हे सगळे कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत बदलणारे सॉफ्टवेअर, करतो, मग माणसाने कशाला शिकायचे, असा आक्षेप तरुण सहकारी घेतात. तो निम्मा खरा आहे. ठरावीक संख्येने करायचा भागाकार कंपायलर गुणाकारात बदलतो, एखाद्या संख्येत १ असलेले बिट किती ते मोजण्याची आज्ञाही आजच्या बहुतेक मोठ्या प्रोसेसरमध्ये असते. पण आपण लिहिलेली बेरीज मुळात मावणार आहे की नाही, हा विचार कंपायलर आपल्यासाठी करीत नाही. तो प्रोग्रॅमरलाच करावा लागतो, आणि वॉरन यांचे पुस्तक युक्ती सांगून थांबत नाही, ती का चालते हेही पटवून देते, म्हणूनच मी त्याचा आग्रह धरतो.

हे पुस्तक प्रथम २००२ मध्ये आले आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनीही आपल्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या ‘४ए’ या खंडात बिटांच्या क्रियांना एक स्वतंत्र भाग दिला आहे. तरीही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी मी वॉरन यांचे पुस्तक सुचवले, तेव्हा नावातील ‘हॅकर’ या शब्दामुळे ते यादीतून वगळण्यात आले. तो शब्द आपण संगणकावर मनापासून प्रेम करणारा माणूस या मूळ अर्थाने वापरला आहे, असे लेखकाने प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. ती दोन पाने कोणी उघडली असती, तर हा गैरसमज झाला नसता.

आपल्या पुस्तक-परिचयाच्या सदरात अशा पुस्तकांना जागा द्यावी, अशी विनंती आहे. ज्या महाविद्यालयाला हे पुस्तक हवे असेल, त्याच्या ग्रंथालयाला माझी स्वतःची प्रत, समासातल्या टिपणांसह, द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे