निखिलला, पायलट निवडीच्या चाचणीच्या आधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "आई, रोज रोज विचारू नकोस गं" म्हणालास आणि ठेवून दिलास. वाईट वाटलं, पण रात्री मिनूकडून जे कळलं त्यानंतर ते वाईट वाटणं मागे पडलं. तिच्यावर चिडू नकोस. तिने आपणहून काही सांगितलं नाही, मीच खोदून खोदून विचारलं. एका वेळी तीन कामं करायच्या त्या सरावाच्या मॉड्यूलमध्ये तुझा स्कोअर कितीतरी दिवस जागचा हललेला नाही, आणि तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जॉयस्टिक धरून बसतोस. मला मात्र रोज एकच उत्तर, "बरं चाललंय."

त्यावर या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. कामाचं तेवढं लिहिते.

मागे आला होतास तेव्हा तो सराव तू मला करायला लावला होतास. एका हाताने तो ठिपका चौकटीच्या मध्यावर धरायचा, कानात आकडे ऐकू येणार, त्यातला ठरावीक आला की बटण दाबायचं, आणि कोपऱ्यात गुणाकार-भागाकार सोडवायचे. गणित मला नवीन नाही, पण गणित समोर आलं की माझा हात थांबायचा आणि ठिपका भरकटायचा. तेव्हापासून मी त्यावर विचार करते आहे. ती चाचणी तुझं गणित तपासतच नाही, निखिल. १७ गुणिले ६ तुला येतं हे त्यांना माहीत आहे. ते करत असताना हात चालू राहतो का, आणि एक गोष्ट हातची गेली की उरलेल्या दोन सांभाळतोस का, हे ते बघतात. शिवाय अशा काही चाचण्या उत्तरं बरोबर येत जातील तशा अवघड होत जातात. म्हणजे चांगलं करणाऱ्यालाही मध्येच कुठेतरी सगळं निसटतंय असं वाटणारच. तसं वाटलं म्हणजे नापास झालो, असं तिथे बसल्या बसल्या ठरवू नकोस.

आधी ठिपका एकटा धर, तो न बघता धरता येईपर्यंत. मग त्याला फक्त आवाज जोड. मग गणित. जॉयस्टिक मोठी हलवू नकोस, थोडी हलव, थांब, बघ. ठिपका अगदी मधोमध आणायच्या नादात बाकीचं जातं, त्यापेक्षा तो थोडा बाजूला चालेल. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे, मग उठायचं. आणि झोप. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं. दोन वाजेपर्यंत जागून तू दिवसभर कमावलेलंच घालवतो आहेस. स्कोअर सुरुवातीला भराभर चढतो आणि मग बराच काळ सपाट राहतो, हे कुठल्याही हातकौशल्यात होतं. मी वर्गात हे दरवर्षी बघते. सपाट जागी थांबलेली मुलं पुढे जातात. फक्त त्यांनी कुणाला तरी दाखवायचं असतं की मी इथे थांबलोय.

बघ, आलेच तिथे.

सातवीतला तुझा तो पेपर आठवतो? तिसऱ्या प्रश्नातलं एक उदाहरण सुटेना म्हणून तू त्यावरच बसून राहिलास, आणि मागची दोन पानं कोरी. ती सगळी तुला येत होती. सर मला म्हणाले, एकदा हात वर केला असता तर मी सांगितलं असतं की पुढे जा. तू हात वर केला नाहीस. घरी येऊन पेपर दप्तरात तळाशी घातलास आणि म्हणालास, बरा गेला.

आणि हे सगळं किती महाग पडतं ते मला तूच शिकवलंस. पंधरा-सोळा वर्षांचा असशील, जेवताना अपघातांचे अहवाल सांगायचास. मिनू कान झाकून घ्यायची. १९७२ च्या डिसेंबरातलं ते मायामीजवळचं विमान. पुढच्या चाकाचा एक छोटा दिवा लागत नव्हता, आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. ऑटोपायलटची उंची धरून ठेवायची सोय सुटली, विमान हळूहळू खाली येत राहिलं, इशाऱ्याचा आवाजही झाला, पण कुणी ऐकला नाही. दिव्याचा बल्ब जळला होता, इतकंच. शंभराहून जास्त माणसं गेली. तू हे सांगताना तुझा आवाज बदलला होता. त्यांना येत नव्हतं असं नाही, आई, बघायचं काय तेवढंच चुकलं, असं तू म्हणालास. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा मुलगा खरंच हे करेल.

मग पोर्टलंडचं, १९७८ चं. चाकांची शंका आली म्हणून जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपलं. दहा माणसं गेली. फ्लाइट इंजिनिअरला इंधन कमी होत चाललेलं दिसत होतं. त्याने ते सांगितलंही. पण कॅप्टनला थांबावं लागेल इतकं ठामपणे नाही. पुढच्याच वर्षी नासाने त्यावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं याचं शिक्षण सुरू झालं. आज तुमच्या निवडीत ग्रुप टास्क ठेवतात त्याची मुळं तिथे आहेत, हेही तूच सांगितलंस.

मी घाबरते हे तुला ठाऊक आहे. पण विमान पडेल म्हणून मी घाबरते असं तुला वाटतं, ते तसं नाही. उद्या तू उजव्या सीटवर बसशील. डावीकडे हजारो तास उडवलेला कॅप्टन असेल. तुला काहीतरी चुकतंय असं दिसेल, आणि तू मनात म्हणशील, थोडं थांबू, बहुतेक माझंच चुकत असेल. मला त्याची भीती वाटते. आबांचं तुला माहीतच आहे. त्या रात्री त्यांनी एक हाक मारली असती तर. जाऊ दे.

आपल्या घरात हे आहे. पण तुझ्यात ते राहावं असं काही लिहून ठेवलेलं नाही.

पुन्हा वर्ग घेतला मी, राग मानू नकोस. कृत्रिम क्षितिजाचं, विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या त्या यंत्राचं, लिहायचं राहूनच गेलं. तू मिनूला ते समजावलंस तेव्हा मी दारात उभी होते, तुला दिसले नाही. ती म्हणत होती त्यातल्या क्षितिजाच्या रेषेची उजवी बाजू वर गेली म्हणजे विमान डावीकडे कललं. तू तिला चूक म्हणाला नाहीस. वहीवर आडवी रेघ काढलीस, तिच्यासमोर धरलीस आणि तिची मान उजवीकडे वाकवलीस. "रेघ हलली का? नाही ना? तू हललीस. आता तुला तिची उजवी बाजू वर दिसते की नाही?" ती ओरडलीच. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकं सरळ कुणी शिकवलेलं पाहिलं नाही. त्या यंत्रांच्या चित्रांमध्ये तुझे गुण जाणार नाहीत, मला खात्री आहे. दुसऱ्याला समजावताना तू किती मोकळा असतोस. स्वतःचं सांगतानाच तुझं तोंड बंद होतं.

ग्रुप टास्कमध्ये मोठ्याने बोलणारा निवडला जातो असं समजू नकोस. पण सगळा वेळ गप्प राहिलेल्याबद्दल परीक्षकांना लिहायला काही नसतं. वेळ किती उरला हे सांगणारा, "माझ्या लक्षात नाही आलं, परत सांग" म्हणणारा, दुसऱ्याचं बरोबर असेल तर आपलं सोडून देणारा, असा तू आहेसच. तिथेही तसाच राहा. लेखी प्रश्नावलीत तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात, तेव्हा चांगलं दिसेल असं उत्तर शोधत बसू नकोस, आहे तेच लिही.

आणि इंटरव्ह्यूत विचारतील, एखादी गोष्ट जमली नाही तेव्हा काय केलंस? काय सांगशील? मनगट मोडलं तेव्हा दुपारपासून रात्रीपर्यंत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरलास, आणि मला कधी कळलं तर तू डाव्या हाताने दात घासायला लागलास तेव्हा. हे त्यांना सांगू नकोस. पण आता जे मॉड्यूल अडलंय त्याचं सांगता येईल असं काहीतरी कर. तुझ्या त्या ग्रुपमधल्या मुलांना विचार, ते ठिपका कसा धरतात. सिनिअरला स्क्रीन दाखव. मग उत्तर तयारच होईल: अडलो, विचारलं, बदललं. तुझे ते कॅप्टन हेन्स, १९८९ चे, सू सिटीचे. विमान वळवायच्या हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा गेल्या तेव्हा प्रवाशांमध्ये बसलेल्या वैमानिकांच्या प्रशिक्षकाला त्यांनी पुढे बोलावून घेतलं आणि इंजिनाचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्याच्या हातात दिले. २९६ मधले १८४ वाचले. त्यांचं चित्र तू कपाटाला आतून चिकटवलं होतंस. अजून आहे, मी काढलेलं नाही.

नाही जमलं तर? काही ठिकाणी पुन्हा बसायला बराच काळ थांबावं लागतं, मला माहीत आहे. थांबू. बाबांशी माझं बोलणं झालंय, ते तुला काही विचारणार नाहीत. तेही तुझ्यासारखेच, बोलत नाहीत, पण तुझं ते वेळापत्रक त्यांनी खिशात ठेवलंय.

आदल्या दिवशी सराव बंद ठेव. चष्मा जुना नको, नवा घे. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते आजच बघ, आदल्या रात्री नको.

चाचणी झाली की फोन कर. चांगली गेली असेल तर कर, वाईट गेली असेल तर नक्की कर. "बरी गेली" असं सांगणार असशील तर मात्र मिनूला कर.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या वहीच्या मागच्या पानावर अर्धवट सोडलेलं गणित मी बघितलं. ३५,००० फुटांवरून ५,००० फुटांवर यायचं, उतार ३ अंशांचा, कुठून खाली यायला सुरुवात करायची? सोडायची उंची ३०,००० फूट. हजारांचा आकडा ३०, त्याला ३ ने गुण, ९० नॉटिकल मैल. काटेकोर काढलं तर ९४ येतं, कारण ३ अंशांवर मैलाला सुमारे ३१८ फूट सुटतात, पण तोंडी अंदाजाला ९० पुरे. वेग ४२० नॉट्स असेल तर ६० ने भाग, मिनिटाला ७ मैल, म्हणजे जवळजवळ १३ मिनिटं. आणि दिशांची गणितं: अंशांत दिलेल्या दिशेची उलट दिशा काढताना १८० मिळवत बसू नकोस: २०० मिळवून २० वजा कर, आणि आकडा १८० च्या वर असेल तर २०० वजा करून २० मिळव. ०७० चं २५०, ३१० चं १३०. असे वीस आकडे घड्याळ लावून कर, आणि कुठला अडला तर वहीचा फोटो काढून पाठव.