बातमी पुरस्काराची, कलाकृतीची नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात आर्ची मूर यांच्या कलाकृतीमुळे ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सर्वोत्कृष्ट देशाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्या देशाला हा मान प्रथमच लाभला. मराठीत मी वाचलेल्या बातम्या मात्र इथेच थांबल्या.

मूर हे कामिलरोई आणि बिगाम्बुल या मूळनिवासी समाजांचे. काळ्या भिंतींवर आणि छतावर त्यांनी खडूने आपली वंशावळ हाताने लिहिली, पार ६५ हजार वर्षं मागे जाणारी. हत्याकांडं, साथीचे रोग आणि नष्ट झालेल्या नोंदी यांमुळे तुटलेल्या पिढ्यांच्या जागी त्यांनी मोकळी भगदाडं ठेवली. मधोमध पाणी, आणि त्यावर कोठडीत मेलेल्या मूळनिवासींच्या मृत्यूंच्या चौकशी अहवालांचे गठ्ठे. एवढं सांगितल्याशिवाय त्या पुरस्काराला अर्थ काय?

ऑस्ट्रेलियातही सगळं आलबेल नाही. २०२६ च्या बिएनालेसाठी देशाचे कलाकार म्हणून खालेद सबसाबी यांची निवड २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली, त्यांच्या जुन्या चित्रफितींवरून वाद होऊन काही दिवसांतच रद्द झाली आणि जुलैत पुन्हा बहाल झाली. त्या गदारोळात त्या चित्रफिती शांतपणे पाहून लिहिणारे समीक्षक मला फार मोलाचे वाटतात.

ब्रिस्बेनच्या आशिया पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात वारली चित्रंही लागली होती. आपल्या मातीतली ही चित्रं तिथे कशी मांडली गेली, हे मराठी वाचकाला कळायला हवं. आपल्या रविवार पुरवणीत दृश्यकलेच्या समीक्षेला दर आठवड्याला निदान अर्धं पान द्यावं, ही विनंती.

– एक वाचक, मेलबर्न