होम-स्टेच्या कर्जाला शासनाने हमी द्यावी

संपादक महोदय,

ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ आमचं कवेलूचं घर आहे. परसात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या म्हणून पर्यटन संचालनालयाच्या ‘आई’ योजनेची चौकशी केली. महिलांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज शासन ठरावीक मर्यादेत परत देतं. योजना खरंच चांगली आहे. पण कर्ज द्यायचं बँकेनं! घर गावठाणातलं, हाती फक्त नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा. तारण नाही म्हणून बँकेनं तीनदा परत पाठवलं. त्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद. तेव्हा हप्ता कुठून भरायचा? हप्ता थकला की परतावाही अडतो. शासनानं कर्जाला हमी द्यावी आणि पावसाळ्यातले हप्ते पुढे ढकलावेत. पाहुण्यांना जवसाची चटणी, भाकर रांधून घालायला आम्ही तयार आहोत.

– एक गृहिणी, मोहर्ली परिसर, जि. चंद्रपूर