बर्फ तसाच राहू द्या, असे सांगणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आषाढात आपण आमच्या सदाशिव पेठेतील घरी येऊन फ्रीज दुरुस्त करून दिलात, तेव्हा दारात उभ्या उभ्या मानलेले आभार अपुरे वाटत राहिले, म्हणून हे जाहीर पत्र.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ साचू न देणारा, म्हणून घेतलेल्या त्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर बर्फ चढत होता आणि खालच्या कप्प्यात दूध नासत होते. रात्रभर बंद ठेवला की आठ-दहा दिवस बरे जात, मग पुन्हा तेच. आधी आलेल्या कारागिराने गॅस भरायला सांगितले होते. आपण मात्र फोनवरच बजावलेत की, मी येईपर्यंत फ्रीज चालू ठेवा आणि बर्फाला हात लावू नका. (आईने तोवर गरम पाण्याचे पातेले आत सरकवले होते, ते मी घाईने बाहेर काढले.)

पॅनेलच्या कडांपुरताच बर्फ ड्रायरने सोडवून आपण कॉइल, म्हणजे गारवा देणारी वेटोळ्यांची नळी, उघडी केलीत. गॅस कमी असता तर सुरुवातीच्या काही वेटोळ्यांवरच बर्फ धरला असता. ही तर वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी होती. म्हणजे गारवा तयार होत होता, पण कॉइल बुजल्यामुळे पंख्याची हवा खाली पोहोचत नव्हती. कॉइलवरचा बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर मल्टीमीटरवर ठीक निघाला. मग बायमेटल हा तापमानावर चालणारा स्विच तपासलात. गारठ्यात जोडला जाऊन हीटरपर्यंत वीज पोहोचू देणे आणि कॉइल पुरेशी तापली की ती तोडणे हे त्याचे काम. तो बर्फात रुतलेला असूनही उघडाच, म्हणजे न जोडलेला, होता. बर्फ वितळल्यावर चांगला बायमेटलही उघडाच दिसतो, हे आपण सांगितलेत, तेव्हा फोनवरच्या त्या ताकिदीचा अर्थ मला उमगला.

तपकीर गल्लीतून सुटा भाग आणून आपण त्याच दिवशी बसवलात, निचऱ्याच्या भोकात कोमट पाणी सोडून तेही मोकळे केलेत. मी पूर्वी सुरीने बर्फ खरवडत असे, हे ऐकून आपण कंप्रेसरवरचे आर-६००ए असे लेबल दाखवलेत. हा गॅस ज्वलनशील असतो आणि सुरीचे टोक नळीत घुसले तर तो बाहेर येतो, हे मला ठाऊक नव्हते. सुरी आता भाजीपुरतीच आहे.

श्रावण संपत आला, हवेत ओल तितकीच आहे, तरी मागची भिंत अजून कोरडी आहे.

आपली कृतज्ञ,
सदाशिव पेठेतील एक गृहिणी