मशीन मोकळं आहे तोवर पोरांना आत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या शेडच्या दारात एक मुलगा उभा होता. तासगाव तालुक्यातल्या एका गावातून पहिली एसटी धरून आलेला. मेकॅनिकलची पदवी, फर्स्ट क्लास, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडाटा. पास होऊन चौदा महिने झालेले आणि बायोडाट्यात पुण्याच्या एका वर्कशॉपमधला बरोबर चौदा महिन्यांचा अनुभव. मी त्याच्या हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिला आणि टेबलावरच्या बुशचं (नळीसारख्या छोट्या भागाचं) माप घ्यायला सांगितलं. त्यानं तो ज्या पद्धतीनं धरला, त्यावरून मला काय ते कळलं. विचारल्यावर त्यानं मान खाली घातली. अनुभवाचा दाखला पाच हजारांना विकत घेतला होता. गॅप दिसला की कुणी बोलवत नाही, असं त्याला एकानं पटवलं होतं.

"मग चौदा महिने खरं काय केलंस?" मी विचारलं. म्हणाला, घरची द्राक्षबाग. आणि फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप प्रेशर सोडायचा, तो खोलून त्याचे सील आणि व्हॉल्व्ह बदलले. मग शेजारच्या बागांतले आणखी सात पंप त्याच्याकडे आले. बायोडाट्यात लिहिण्यासारखी हीच एक गोष्ट होती आणि तीच त्यानं लिहिली नव्हती. मी त्याला सोमवारपासून यायला सांगितलं.

मला त्याचा राग आला नाही, कारण मी त्याच जागी उभा राहिलेला माणूस आहे. मी २००९ ला पास झालो. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, तेव्हा तिचा आपल्याशी काय संबंध, असं आम्ही हॉस्टेलवर म्हणत होतो. दिवाळी सरली आणि संबंध कळला. गाड्यांची मागणी घटली, पिंपरी-चाकणकडच्या कारखान्यांनी उत्पादन कमी केलं, त्यांच्या पुरवठादारांच्या ऑर्डरी थांबल्या आणि त्या पुरवठादारांना कास्टिंग, मशीनिंग करून देणारे आमच्याकडचे शेड दुपारीच बंद व्हायला लागले. ज्या कंपनीनं मला कॅम्पसमध्ये निवडलं होतं, तिचं जॉइनिंगचं पत्र आलंच नाही. नाही म्हणणारंही पत्र आलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट मी नुसता पोस्टमनची वाट बघत होतो.

मग पुण्याजवळ निगडीला एका खोलीत आम्ही पाच जण राहिलो. भोसरी एमआयडीसीचा जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक मी पायी पालथा घातलाय. गेटवर वॉचमन बायोडाटा घ्यायचा आणि "फोन येईल" म्हणायचा. वर्तमानपत्रातली 'थेट भरती'ची एक जाहिरात बघून एका कन्सल्टंटला तीन हजार रुपये भरले. आईनं ते सोसायटीच्या हप्त्यातून बाजूला काढून दिले होते. पंधरा दिवसांनी त्या ऑफिसला कुलूप होतं. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. आज इथंच पहिल्यांदा लिहितोय.

परत आलो तेव्हा कुपवाडमधल्या एका छोट्या मशीन शॉपच्या मालकांनी मला आत घेतलं. अकरा माणसांचा शेड. ते म्हणाले, "पगार म्हणून द्यायला माझ्याकडं काही नाही. अडीच हजार देतो, डबा तुझा. पण मशीन आठवड्यातले तीन दिवस उभंच आहे, शिकायचं तेवढं शिकून घे." तिथं एक जुने टर्नर (लेथवर काम करणारे कारागीर) होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगची एक पातळ रिंग आमच्याकडून सारखी रिजेक्ट होत होती. माप बरोबर यायचं आणि बेअरिंग मात्र बसायचं नाही. मामांनी त्या एका रिंगवर माझे दोन दिवस घातले. चक म्हणजे काम धरून फिरवणारी लेथची पकड. तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ रिंग आवळली की ती तीन जागी दबते. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर, म्हणजे आतलं भोक, गोल निघतो. चक सोडला की रिंग मूळ आकाराला येते आणि बोअर तीन बाजूंनी फुगीर होतो. आणि दोन टोकांनी मोजणारा बोअर गेज आत कसाही फिरवला तरी त्याला हा दोष दिसत नाही, कारण एकीकडं जेवढं फुगतं तेवढंच समोर दबलेलं असतं. उपाय म्हणजे सॉफ्ट जॉ (कापून हवा तो आकार देता येणारे मऊ जबडे) रिंगच्या बाहेरच्या मापाला बोअर करून घ्यायचे, पकड सगळीकडून बसवायची आणि शेवटच्या कटाआधी चक ढिला करून पुन्हा हलक्या हातानं आवळायचा.

कॉलेजात चार वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं. आणि मला खात्री आहे, तेजीच्या वर्षात मामांनीही दाखवलं नसतं. त्यांची इच्छा नसती असं नाही, पण लॉट सकाळी जायचा असतो, गाडी दारात उभी असते, मशीन लावून देणारा सेटर दोन मशीनमध्ये धावत असतो. नवख्या पोराला त्या वेळी झाडू आणि चहाची किटलीच मिळते. मंदीत मशीन मोकळं असतं, जाणत्या माणसाचे हात मोकळे असतात. शिकवायला याहून बरी वेळ पुन्हा येत नाही. आपण मात्र नेमकं उलटं करतो. काम कमी झालं की पहिल्यांदा ट्रेनी घरी जातो, आणि दोन वर्षांनी काम वाढलं की आपणच चहाच्या टपरीवर म्हणतो, चांगला सेटर मिळत नाही.

हे मी माझ्यासारख्या शेडवाल्यांना हात जोडून सांगतोय. माझ्याकडं आज दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी तीन मशीन आणि नऊ माणसं आहेत, आणि गेले काही महिने दुसरी शिफ्ट बंद आहे. खिशाची अडचण मला कळते. पण अ‍ॅप्रेंटिस ठेवणं हे फक्त मोठ्या कारखान्यांचं काम, हा आपल्यातला गैरसमज आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तिथं ते बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसं असतील तिथं ऐच्छिक. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकारचा असतो. वर्ष संपलं की पोराच्या हातात खरं प्रमाणपत्र येतं, पाच हजारांना विकत घेतलेलं नाही. माझ्याकडं असे दोघं होऊन गेले. कागदपत्रांना पहिल्या खेपेला वेळ लागतो, दुसऱ्या खेपेला लागत नाही.

मुलींबद्दलही लिहितो. "शेडमध्ये मुलगी नको" हे वाक्य मीही पूर्वी बोललेलो आहे, आणि ते चुकीचं होतं. आमचं इन्स्पेक्शन आज एक मुलगी बघते. ती आल्यापासून गेजचं कॅलिब्रेशन (मापाची साधनं बरोबर दाखवतात का, ही तपासणी) एकदाही चुकलेलं नाही. तिला वडील मोटारसायकलवरून घेऊन आले होते, त्याआधी चार गेटवरून दोघं परतले होते.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली १९१० मध्ये. सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज आलं १९४७ मध्ये. मधली सदतीस वर्षं इथल्या पोरांनी लोखंडाचं काम शेडमध्येच, जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकलं.

संपादक महोदय, आपल्याकडंही एक मागणं आहे. 'फ्रेशर इंजिनिअर पाहिजेत, थेट भरती' आणि खाली फक्त एक मोबाइल नंबर, अशा छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांत अजून दिसतात. मंदीत त्या वाढतात, कारण तेव्हा पोरं कशावरही विश्वास ठेवतात. कारखान्याचं नाव, कामाची जागा आणि पगाराचा आकडा असल्याशिवाय अशी जाहिरात आपल्या दैनिकात घेऊ नये. उमेदवाराकडून नोंदणीचे पैसे मागणाऱ्याची तर मुळीच घेऊ नये. त्या तीन हजारांची पावती माझ्याकडं अजून आहे. आपल्या प्रतिनिधीला बघायची असेल तर दाखवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक जॉबवर्कवाला, कुपवाड, जि. सांगली
(नाव छापू नये, ही विनंती. शेडमधल्या मुलांची ओळख त्यावरून पटेल.)