दाढ थांबली म्हणालास, म्हणून लिहितोय

पुणे, मंगळवार, रात्रीचे अकरा

प्रिय अव्या,

मघाशी फोनवर तू अगदी खुशीत म्हणालास, "चार दिवस दाढ ठणकत होती, काल आपोआप थांबली. आता दिवाळीनंतर बघू." आणि जाता जाता, सकाळी गाल थोडा सुजल्यासारखा दिसला, हेही सांगून टाकलंस. मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही.

ठणकणारी दाढ काही उपचार न होता एकदम गप्प झाली, की बऱ्याचदा आतली नस मेलेली असते. दुखणं कळवणारीच उरत नाही, म्हणून बरं वाटतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात, तिथे पू धरतो आणि मग गाल सुजतो. आमच्या अण्णांचं असंच झालं होतं. तू तेव्हा बंगलोरला होतास, तुला सगळं कधी सांगितलंच नाही.

त्यांची खालची, सगळ्यात मागची दाढ. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, लवंगेचं तेल, वरून गरम फडक्याचा शेक. दोन दिवस दुखणं थांबलं, आम्हीही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली सूज आली, हाताला लाकडासारखी टणक. तोंडात दोन बोटं जातील इतकंही उघडेना. आई म्हणाली, दमलेत, झोपू दे. पहाटे उठून पाहतो तर अण्णा पलंगावर पुढे वाकून बसलेले, लाळ गळतेय, कारण गिळताच येत नव्हती. जीभ वर उचलली गेलेली, आवाज ओळखू येईना. १०८ला फोन केला. जिना उतरताना त्यांच्या श्वासाचा जो आवाज येत होता, तो मी अजून विसरलेलो नाही.

रुग्णालयात आधी श्वासाची वाट सुरक्षित केली, मग गळ्याखाली चिरा देऊन पू काढला. दाढही काढली. खालच्या मागच्या दाढांची मुळं इतकी खोल असतात, की तिथला पू तोंडात न फुटता जिभेच्या तळाशी आणि जबड्याखाली पसरू शकतो, आणि जीभ मागे रेटली जाऊन श्वास अडतो. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली याचं वर्णन केलं होतं. इतका जुना माहितीतला आजार, आणि आमच्या घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून नीट ऐक. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, किंवा वर डोळ्याकडे चढून पापणी मिटायला लागली, ताप भरला, तोंड उघडेना, घोट गिळायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. दातांचा दवाखानाही शोधत बसायचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. ससूनची रात्रभर उघडी असते. श्वासाला जरा जरी अडचण वाटली तर १०८. यातलं काही आत्ता होत असेल तर वाचणं सोड आणि निघ.

तुला शुगर आहे, हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. साखर वाढलेली असली की असा संसर्ग लवकर पसरतो, आणि संसर्गाने साखर आणखी वाढते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नकोस. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरलीच तरी आतली मेलेली नस तिथेच राहते. रूट कॅनल तरी करावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते. गालावर गरम शेकही देऊ नकोस.

सईचं कबड्डीचं वेड आठवलं म्हणून एवढंच लिहून ठेवतो. तिचा पक्का दात कधी मुळासकट पडला, तर पांढऱ्या भागाला धरून उचल, मुळाला बोट लावू नकोस. माती असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढ, चोळू नकोस. जमलं तर तिथल्या तिथे खाचेत परत बसव आणि रुमाल चावून धरायला सांग. नाहीच जमलं तर चितळ्यांची पिशवी फोडून थंड दुधात टाक आणि अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठ. कोरडा राहून तास उलटला, तर तो दात टिकण्याची आशा फार कमी उरते. धाकट्याचा दुधाचा दात पडला तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

अण्णांच्या डॉक्टर बाईंना मेसेज केला होता. उद्या दहाला टिळक रोडला या म्हणाल्या. मी नऊला हडपसरला येतो, ऑफिसला तसं कळवून ठेव. चालू गोळ्यांची पाकिटं आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट बरोबर घे. झोपण्यापूर्वी आरशात हनुवटीखालचा भाग बघ, हाताने चाचपून बघ, आणि कसं आहे ते मला कळव. फोन उशाशी ठेवलाय, आवाज सुरू आहे.

तुझा,
मिलिंद